भिंतीपलीकडची बाळंतीण

२ एप्रिल

शेजारच्या वीमला आज परत हॉस्पिटलात नेलं. या वेळी बॅग मोठी होती, त्यावरूनच काय ते कळलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना त्याने घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "मेधा, फक्त ती वरची खोली. बाकी घर गेलं तरी चालेल." मी हो म्हटलं. भीडच इतकी. आमची नि त्याची भिंत एक. हॉलंडमधल्या आल्मेरेतली ही ओळीतली घरं, तो पलीकडे खोकला की इकडे माझं लाटणं थांबतं. बायको, एल्स, गेल्यापासून एकटाच. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

वरच्या खोलीत काय आहे ते मला वर्षानुवर्षं ठाऊक आहे आणि वर्षानुवर्षं मी तो जिना टाळलाय. तो म्हणतो सॅलॅमँडर. चार पाय, शेपूट, बुळबुळीत अंग. मी म्हणते पाल.

घरी सांगितलं तर नवरा, श्री, हसला. "तू पाली सांभाळणार? झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढतेस."

हसू दे.

३ एप्रिल

बाडहूव्हडॉर्पहून, ऑफिसातून थेट वीमकडे. ट्रेन रखडली, पाय दुखले, त्यात हे.

खुंटीला त्याचा कोट, टेबलावर चष्मा, कपात अर्धी कॉफी. आत शिरताना मी "वीम, मी आहे" म्हणाले. रिकाम्या घराला. सवय.

वरची खोली थंडगार. एसी कायम चालू, खिडकीला काळा कागद. काचेच्या पेट्या, त्यांत शेवाळ, कुजकी सालं, बोटभर झाडं. महाबळेश्वरला मावशीकडे पावसाळ्यात ज्या खोलीत कपडे वाळत घालायचे आणि ते कधीच वाळायचे नाहीत, तिथला वास. उभी राहिले न राहिले तोच सगळ्या पेट्यांतून एकदम फस्स झालं आणि आत धुकं भरलं. मी ओरडले. पंप होता. वीमने सांगितलं होतं, मीच विसरले. मेक्सिकोतल्या कुठल्याशा डोंगरावर ढग जमिनीपर्यंत उतरतो, हे जीव त्या ढगातच जगतात. म्हणून रोज हा बनवलेला ढग.

जीव दिसला एकच. पाल नव्हेच ती, आगपेटीतली काडी. काडीला पाय फुटलेत एवढंच. फुप्फुसं नाहीत म्हणे, कातडीने श्वास घेतात. आवाजही नाही. पाल निदान चुकचुकते, घरात आहे हे तरी कळतं.

५ एप्रिल

सासूबाईंना कळलं मी रोज कुठे जाते. "पाळल्यात? आणि आपण हाकलायला अंड्याची टरफलं लावतो." मग जरा वेळाने, "पण वीमभाऊ कसे आहेत?" मी 'वीम म्हणाला' म्हणते ते आईंना खटकतं. बापाच्या वयाचा माणूस. आई, इथे सगळेच एकेरी, मी काय करू.

लेकीला, रेवाला, फोन. ती ग्रोनिंगनला शिकते, तिच्या इथल्या खोलीत सध्या आई. मी मराठीत विचारलं, तिने इंग्रजीत सांगितलं: त्या डोंगरावरचं जंगल तोडून मका लावलाय, वर कातडीचा रोग आला. ही जात तिथे शेवटची कधी दिसली हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

म्हणजे बहुतेक ह्याच. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे.

मी जरा बसलेच.

९ एप्रिल

कोपऱ्यातल्या पेटीत, सालीच्या खाली, काचेला लागून काहीतरी. वीमचा लाल दिवा लावून बघितलं. काडी गोल वळलीय आणि तिच्या वेटोळ्यात साबुदाण्याएवढे मणी. मोजले, सात.

हॉस्पिटलात वीमला फोन करून सांगितलं. मला वाटलं लाइन गेली. मग कळलं, रडतोय. पाच उरलेत त्यांच्यात मादी ही एकच, आणि इतक्या वर्षांत तिने कधी अंडी घातली नव्हती. ती अंडी फुटेपर्यंत अशीच बसून राहणार, खाणार नाही, हलणार नाही. ती आहे म्हणून अंड्यांना बुरशी लागत नाही. ती उठली की संपलं.

मग योरिसचा फोन. वीमचा मित्र, रॉटरडॅमला असतो, त्याच्याकडेही असलेच जीव, दुसऱ्या जातीचे. सूचना: पेटी उघडायची नाही. हात लावायचा नाही. ह्या एका पेटीचा पंप बंद करायचा, जोराच्या फवाऱ्याने ती दचकेल. हाताने, बारीक, बाजूच्या जाळीतून पाणी मारायचं. सकाळ-संध्याकाळ.

मला हे जमणार नाही असं म्हणायचं होतं. म्हटलं, "ओके."

१३ एप्रिल

आई आज स्वतःहून आल्या, शाल गुंडाळून. खोलीच्या दारातच थबकल्या. मी दिवा धरला. बघितलं, बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "अगं, ही तर बाळंतीण." झालं. पाल गेली, बाळंतीण आली. लगेच नियम: टक लावून बघायचं नाही, दृष्ट लागते. मोठ्याने बोलायचं नाही. आणि एवढ्या गारठ्यात बाळंतिणीला कोण ठेवतं? मी सांगितलं, आई, हिला गारठाच लागतो, एसीला हात लावू नका. "नाही लावत गं. मला काय अक्कल नाही?"

एवढ्या वर्षांत आईंशी माझं इतकं गोडीत कधी झालं नव्हतं. एका काडीपायी.

१८ एप्रिल

पाऊस नाही. हॉलंडमध्ये पाऊस नाही म्हणून मी रडतेय, हे पुण्यात सांगितलं तर मला वेड्यात काढतील. वीमच्या मागच्या अंगणातल्या पिंपात पावसाचं पाणी साठतं, तेच पेट्यांना लागतं. पंपाच्या टाकीत भरपूर आहे, पण पिंप कोरडं, आणि तिचं हाताने मारायचं पाणी त्यातलंच.

वीमला विचारलं. आवाज खोल गेलाय. "नळाचं चालेल. आधी नळ थोडा वेळ सोडून दे. मग रात्रभर ठेव, सकाळी वापर." का, ते मी विचारलं नाही, त्याला दम लागला होता.

१९ एप्रिल

सकाळी लक्षात आलं, पाणी ठेवायलाच विसरले. आई म्हणाल्या, "रात्रभर ठेवलेलं पाणी आपल्याकडे रोजचंच आहे की." त्यांनी नाशिकहून बॅगेत आणलेली तांब्याची कळशी. रोज चिंचेने लख्ख घासतात, रात्री भरतात, सकाळी आम्ही सगळे तेच पितो. श्रीची ॲसिडिटी त्यानेच गेली म्हणे. फवाऱ्याची बाटली त्यांनीच भरून दिली, कापडाने गाळून. "बाळंतिणीच्या पोटात चांगलं पाणी जाऊ दे."

मारलं. तिने डोकं थोडं वर केलं, मग परत अंड्यांवर. आता रोज हेच पाणी.

२४ एप्रिल

वीमला हॉस्पिसमध्ये हलवलं. आता घरी यायचं नाही हे त्याने मला हवामान सांगावं तसं सांगितलं.

संध्याकाळी ती सालीखाली नव्हती. काचेवर होती, उघड्यावर, उजेडाच्या बाजूला. अंडी सोडून. मी दिवा विझवला, पाणी मारलं, जास्तच मारलं, आणि दार लावून घेतलं. योरिसला मेसेज केलाय. जाईल परत. जाईलच.

२५ एप्रिल

नाही गेली.

योरिस रॉटरडॅमहून गाडी काढून आला तेव्हा ती शेवाळावर उताणी होती. पोटाचा रंग दुधासारखा. त्याने चमच्यात घेतली, बराच वेळ बघितली, मग मान हलवली.

पाणी कोणतं दिलं, विचारलं. मी सांगितलं. नळाचं, रात्रभर ठेवलेलं. कशात ठेवलेलं? कळशीत. कळशी म्हणजे? मी घरी जाऊन ती आणली. आई देवापाशी होत्या, त्यांना काही बोलले नाही. योरिसने कळशी हातात घेतली, उलटी करून बघितली. मग म्हणाला, तांबं. माणसाला औषध असेल, हे जीव कातडीने पितात, त्यांना विष. नळ सोडून द्यायचा तोही त्यासाठीच, रात्रभर पाणी तांब्याच्या नळीत बसतं ना.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुम्ही तिला तुमचंच पाणी दिलंत."

बाकीचे चार पंपावर, टाकीतल्या पाण्यावर, म्हणून ठीक. सगळे नर.

अंडी सात. दोन पांढरी पडलेली, त्याने काढून टाकली. पाच अजून काचेसारखी. हायवेवरून नेली तर हादऱ्याने जातील. तेव्हा इथेच, त्याच सालीखाली. तिचं काम आता कोणीतरी करायचं: रोज एकेक अंडं मऊ ब्रशने ओलं करून हलकेच फिरवायचं, बुरशी बघायची. ब्रश माझ्या हातात दिला. डोळ्यांना काजळ लावायच्या ब्रशापेक्षा बारीक.

तिला त्याने बाटलीत घालून नेलं. नोंदीसाठी.

२६ एप्रिल

वीमचा फोन. "ती कशी आहे?"

"बसलीय," म्हणाले मी.

एवढंच. बसलीय. तोंडातून निघून गेलं.

२७ एप्रिल

इथल्या राजाचा वाढदिवस, सुट्टी. सगळी गल्ली नारिंगी, दारोदार पोरं जुनी खेळणी मांडून बसलीत, श्री जिलबी करू म्हणतोय. मी काळ्या कागदाच्या खोलीत ब्रश घेऊन. अंडं फिरवताना वाटतं कोणीतरी बघतंय. सालीखालून.

आईंनी विचारलं, "आज येऊ का बाळंतिणीकडे?" म्हटलं, नको, योरिसने सांगितलंय माणसं कमी करा. "बरी आहे ना पण?" बरी आहे, म्हटलं.

दोन माणसांशी दोनदा खोटं. आईंना कसं सांगू? कापडाने गाळून दिलं होतं त्यांनी. हे कळलं तर परत त्या कळशीला हात लावतील? घरात पाणी पितील? दुसऱ्याच्या हातून झालं असतं तर मी फाडकन बोलले असते, मला ओळखते मी. आणि बाटली तर माझ्याच हातात होती.

१ मे

वीमला आता तपशील लागतात. डोकं कुठल्या बाजूला? शेपूट अंड्यांखाली की वर? हॉस्पिसमधल्या सगळ्या नर्सेसना ती ठाऊक झालीय. काल एक फोनवर म्हणाली, तो तुमच्या फोनसाठी औषध पुढे ढकलतो, झोप येते म्हणून.

मी सांगते. डोकं खिडकीकडे आहे. आज मान थोडी वर केली. आज एकदा वळली.

सांगायच्या आधी मी सालीखाली बघून घेते. का बघते?

४ मे

आज संध्याकाळी सगळा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो, युद्धातल्या मेलेल्यांसाठी. मी वीमच्या खोलीत होते, ब्रश खाली ठेवून उभी राहिले. रस्त्यावर एक गाडी नाही. भिंतीपलीकडे आमच्या घरात आई आणि श्रीसुद्धा उभे असणार. त्या शांततेत चार पेट्यांचा पंप फस्स झाला आणि पाचवी पेटी, जिचा पंप मी बंद केलाय, तीही आतून धुरकटली. माझा श्वास असेल काचेवर. असेलच.

एक अंडं आज गेलं. चार.

७ मे

आज ती सिंकमध्ये दिसली. मेथीची काडी होती. मी नळ तसाच सोडून बाजूला झाले, आईंनी बंद केला. परवा ऑफिसात की-बोर्डच्या कडेला, ते रबर बँड निघालं. लवंगेतही दिसते. जिऱ्यात नाही, जिरं फार लहान.

श्रीला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मग, "मेलेल्या पालीची रोज खुशाली कळवतेस तू. सांगून टाक ना. मोठा माणूस आहे तो, झेपेल त्याला."

"आणि आईंना?"

मग म्हणाला, "आईला नको." वा रे वा. परक्याला झेपेल, आईला नको. भांडलो. त्याला म्हटलं, तिला पाल म्हणू नकोस.

११ मे

हॉस्पिसला गेले. वीम केवढासा झालाय. पलंगात शोधावा लागतो. खिडकीबाहेर कालवा, बदकं.

त्याने आपणहून त्या डोंगराचं काढलं. तरुण असताना गेला होता. दुपार कलली की खालून ढग चालत यायचा, झाडांमधून, अगदी माणसासारखा, आणि तो अंगावरून गेला की प्रत्येक सालीखाली, प्रत्येक शेवाळात त्या काड्या. शोधायला लागायचंच नाही. पाय कुठे ठेवू हा प्रश्न पडायचा. मग पुन्हा गेला, मग पुन्हा, आणि शेवटच्या वेळी सगळी सालं उलटून झाली. "ढग अजूनही येतो तिथे," म्हणाला. "रोज येतो. कोणासाठी येतो, कळत नाही."

मग माझा हात धरला. "पण तुझ्याकडे ती बसलीय."

मला सांगायचं होतं. शपथेवर सांगते, वाक्य जुळवून आणलं होतं, डचमध्ये, ट्रेनमध्ये पाठ करत आले होते.

"हो," म्हणाले. "बसलीय."

१६ मे

संकट. मरणाऱ्या माणसाला त्याच्या आवडीच्या जागी एकदा नेऊन आणणारी ॲम्ब्युलन्स असते इथे. कोणी समुद्र मागतो, कोणी नातीचं लग्न. वीमने ती वरची खोली मागितली. बावीस तारखेला आणतायत.

योरिसला विचारलं, काय करू. तो म्हणाला, त्याला सांगायला हवं होतंस. सगळ्यांना सगळं कळतं, नंतर.

१७ मे

एका अंड्यात दोन काळे ठिपके. डोळे. आतून माझ्याकडे. मी ब्रश धरून किती वेळ बसले कोण जाणे. हसले, मग रडू आलं, मग हसले. कोणाला सांगू? वीमला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मग ती आता आणखी घट्ट बसेल."

बाकीच्या तीनपैकी एक पांढरं पडलं. तीन राहिली.

२० मे

आज सांगायचंच म्हणून हॉस्पिसला गेले. वीमची दाढी केलेली. केस विंचरलेले. परवासाठी आधीच शर्ट काढून खुर्चीवर ठेवलेला, निळा, इस्त्रीचा. नर्स म्हणाली, सकाळपासून बघतोय त्याच्याकडे.

बदकांविषयी बोललो. परत आले.

भित्री आहे मी. तोंडाने फटकळ म्हणून सगळे मला धीट समजतात.

२२ मे

लिहून ठेवते, जसं झालं तसं.

ॲम्ब्युलन्सचे दोघे तरुण आले, त्याला खुर्चीत बसवून जिन्याने वर आणलं. वजनच नव्हतं. निळा शर्ट अंगात लटकत होता. आई म्हणाल्या, "मी येणार. त्यांना एकदा नमस्कार करायचाय." साखर कमी घालून शिरा घेऊन. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

खोलीत अंधार, गारठा. दोघे तरुण बाहेर थांबले. आत वीम, मी, आई. मी लाल दिवा त्याच्या हातात दिला. हात इतका हलत होता की उजेड सगळ्या पेटीभर फिरला, शेवाळावर, काचेवर, सालीवर. सालीखाली. अंडी दिसली त्याला. "ओह," म्हणाला. डोळे लागलेलं अंडं त्याने खूप वेळ बघितलं.

मग दिवा अंड्यांभोवती फिरवायला लागला. परत फिरवला. "ती कुठेय?"

मी तोंड उघडलं, आणि खरं सांगणार होते की खोटं, ते मला आत्ताही सांगता येणार नाही.

तेवढ्यात आई पुढे झाल्या. त्याच्या कानाशी वाकून, मराठीत, त्याला सगळं समजतं अशा थाटात: "आतल्या अंगाला सरकलीय हो ती. बाळंतीण आहे. इतकी माणसं बघून दबकली. उठवू नका तिला." मग माझ्याकडे न बघता, "सांग त्यांना."

मी सांगितलं. शब्दाला शब्द.

वीमने चटकन दिवा विझवला. "नाही नाही. राहू दे. राहू दे तिला." आम्ही तिघे अंधारात. पंप सुटला, चार पेट्यांत ढग भरला, तो आवाज तो डोळे मिटून ऐकत होता. बाहेर नेताना त्याने आईंचा हात धरला आणि सोडेचना. शिरा एक चमचा खाल्ला.

घरी आल्यावर मी विचारलं, "आई, तुम्हाला ती दिसली?"

"मला कुठे काय दिसतंय त्या काळोखात. भेंडी चिरायचीय, घे."

२३ मे

आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय. सुईत दोरा त्या ओवून देतात मला.

त्या पेटीत आतलं अंग नाही. सालीमागे सरळ काच.

विचारूही शकत नाही. त्यांना ठाऊक नसेल तर मी विचारून सांगितल्यासारखं होईल. आणि ठाऊक असेल तर कधीपासून ठाऊक आहे? ठाऊक असूनही रोज मला "बरी आहे ना?" विचारत होत्या? माझं "बरी आहे" ऐकून घेत होत्या?

२६ मे

वीम आज पहाटे गेला. झोपेत. नर्सचा फोन. काल संध्याकाळी तिला म्हणाला होता, खोलीत जरा हळू बोला, ती बसलीय.

मी भिंतीला हात लावून उभी राहिले. पलीकडे काही नाही. इतकी वर्षं तो खोकला मला त्रास देत होता.

३० मे

वीमचं घर पुढच्या महिनाअखेर रिकामं करायचंय. योरिस म्हणतो तोवर फुटली तर पिल्लं न्यायला सोपी. तोवर नाही फुटली तर काय, ते तो म्हणत नाही. तीनपैकी एक काल गेलं. दोन. डोळे दोघांनाही आलेत.

आईंचं विमान परवा. बॅग अर्धी भरलीय. आज मी ब्रश घेऊन निघाले तर त्या चपला घालून दारात उभ्या. काही न बोलता मागोमाग आल्या. मी साल उचलली, त्यांच्यासमोर, पहिल्यांदा. खाली दोन अंडी आणि काही नाही. आई बघत होत्या. मी अंडं ओलं करून फिरवलं, दुसरं फिरवलं.

"अजून किती दिवस करायचं हे?"

"माहीत नाही. महिना, कदाचित."

"श्रीला सांग, तिकीट पुढे ढकल. व्हिसा आहे अजून माझा." आणि मग, साल हळूच परत ठेवत, "बाळंतिणीला एकटं टाकून कोणी जातं का."

साल ठेवत होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

मग पाणी कोणतं घ्यायचं ते त्यांनी मला विचारून घेतलं.

४ जून

रात्रभर पाऊस. पिंप भरलं.

लाल दिवा आता आई धरतात. एका अंड्यावर आज कडेने पांढरं दिसल्यासारखं वाटलं. ब्रशने पुसलं, गेलं की नाही ते उद्या कळेल. दुसऱ्याला फिरवताना आई एकदम म्हणाल्या, "हललं."

मी वाकून बघितलं. मला दिसलं नाही. म्हटलं, ब्रशने पाणी हललं असेल.

"नाही गं. शेपूट हलवली त्याने. मी बघितली."

आईंना दिसली असेल. किंवा मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील, त्या म्हणू शकतात. दिवा मात्र त्यांनी तसाच धरून ठेवला होता, आणि मी अजून थोडा वेळ बघत राहिले.